चांदी भरलेली दाढ आणि गालावरची पांढरी जाळी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. येथे मांडलेल्या रुग्ण बाई ५१ वर्षांच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने घेतले गेले आणि त्यांतला कोणता चुकला, हे मात्र जसेच्या तसे ठेवले आहे, कारण हे प्रकरण लिहिण्यामागे तेच कारण आहे.

बाईंच्या खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेत सुमारे १४ वर्षांपूर्वी चांदी भरलेली होती. आपल्याकडे लोक ज्याला ‘चांदी’ म्हणतात ते अमाल्गम, म्हणजे चांदी, कथील आणि तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण असते आणि त्याच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग पाऱ्याचा असतो. अशीच चांदी उजव्या बाजूच्या दोन दाढांतही होती. डावीकडच्या दुसऱ्या मोठ्या दाढेचे रूट कॅनाल करून सहा वर्षांपूर्वी तिच्यावर धातूची कॅप बसवली होती. ती कॅप निकेल-क्रोमियमची होती आणि ती मीच बसवली होती. रक्तदाबासाठी बाई तीन वर्षांपासून एनालाप्रिलची गोळी घेत होत्या. तरुणपणी त्या मिश्री लावत. ती सोडून दहा वर्षे झाली होती.

तक्रार

सात महिन्यांपासून डाव्या गालाच्या आत चरचरत होते. आधी फक्त ठेचा किंवा लोणचे खाल्ले की आग होई, पुढे साध्या आमटीनेही होऊ लागली आणि माझ्याकडे आल्या तेव्हा बाई दूधभात आणि मऊ भातावर आल्या होत्या. तुरटीच्या गुळण्या, हळद-तूप, औषधांच्या दुकानातून आणलेली तोंड आल्यावरची जेल, हे सगळे करून झाले होते. इतके दिवस का थांबलात, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की घरातले एक माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेले होते आणि आपल्यालाही तेच सांगितले जाईल या भीतीने त्या आल्याच नव्हत्या.

गाल ओढून पाहिल्यावर आत पांढऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली आणि तिच्या मध्यभागी साधारण नखाएवढा लालसर, सोललेला भाग होता. जाळी पुसून निघत नव्हती. दाढा मिटवून गाल सैल सोडला की ही जागा बरोबर पहिल्या दाढेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टेकत होती आणि त्या पृष्ठभागापर्यंत चांदी आलेली होती. उजवा गाल, जीभ, टाळू, ओठ आणि बाकीच्या हिरड्या स्वच्छ होत्या. अंगावर कोठेही जांभळट, खाजरे चट्टे नव्हते.

दुसरी एक गोष्ट बाईंच्या तक्रारीत नव्हती, पण डोळ्यांत भरत होती. कॅपभोवतीची हिरडी लाल, फुगीर आणि स्पर्श होताच रक्त येणारी होती. बाई दात नीट घासत, इतर दातांजवळच्या हिरड्या त्याची साक्ष देत होत्या. तरी या एकाच दाढेभोवती लाल पट्टा होता आणि तिच्या मागच्या बाजूला हिरडीचा खिसा, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातली फट, ५ मिलिमीटर खोल होता.

प्रश्न नेमका कोणता होता

पांढरी जाळी दिसली की दंतवैद्याच्या मनात पहिले नाव लायकेन प्लॅनसचे येते. तो आजार शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींनी घडवलेला असतो आणि तोंडात तो बहुधा दोन्ही गालांवर, जवळजवळ सारखाच दिसतो. इथे तो एकाच बाजूला आणि एकाच भरणाच्या समोर होता. अशा वेळी धातूच्या स्पर्शाने होणाऱ्या लायकेनसदृश प्रतिक्रियेचा विचार करावा लागतो.

ही प्रतिक्रिया कशी होते ते येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. लाळेत क्षार असतात, त्यामुळे तोंडातला धातू कायम एका सौम्य विद्युतवाहक द्रवात बुडालेला असतो. त्याचा पृष्ठभाग हळूहळू गंजतो आणि धातूचे सूक्ष्म आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटतात. ते आयन गालाच्या आतल्या त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि काही थोड्या लोकांच्या बाबतीत शरीर अशा बदललेल्या प्रथिनाला परके समजू लागते. मग टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) त्या जागी जमतात आणि त्वचेच्या सर्वांत खालच्या थरावर हल्ला करतात. ही विलंबित प्रकारची अॅलर्जी असते; शेंगदाणा खाऊन लगेच ओठ सुजावेत, तशी ती नसते. शरीराला त्या धातूची ‘ओळख’ पटायला वर्षे लागू शकतात, म्हणून ‘चौदा वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे’ हा प्रश्न रास्त असला तरी त्यामुळे चांदी निर्दोष ठरत नाही.

या बाईंच्या बाबतीत आणखी एक धागा होता. चांदीची मागची कड आणि शेजारच्या कॅपची पुढची कड एकमेकींना टेकत होत्या. दोन वेगळे धातू लाळेत एकमेकांना स्पर्श करतात तेव्हा त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यांपैकी एक धातू, सामान्यतः अमाल्गम, अधिक वेगाने झिजतो. चांदीची ती कड खरोखरच काळवंडून खडबडीत झाली होती. कॅप बसल्यावर गंजण्याचा वेग वाढला असेल, ही शक्यता मला तेव्हाही दिसत होती. ती सिद्ध करण्याचे साधन मात्र माझ्याकडे नव्हते.

चांदीखेरीज तीन संशयित होते. पहिली, रक्तदाबाची गोळी : एनालाप्रिलच्या गटातील औषधांनी तोंडात असेच लायकेनसदृश चट्टे येऊ शकतात. दुसरी, मिश्री : सोडून दहा वर्षे झाली असली तरी तंबाखूचा इतिहास असलेल्या तोंडातला पांढरा-लाल डाग कर्करोगपूर्व नाही, हे गृहीत धरता येत नाही. तिसरी, कॅपमधील निकेल.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता. ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची मलमासारखी पेस्ट द्यायची, आग कमी होईल, बाई जेवू लागतील. पण त्याने कारण झाकले जाते आणि नंतर भरण बदलून फरक पडला की पेस्टने, हे कळत नाही. त्यांची जेवणाची अवस्था पाहता हा पर्याय सरळ बाजूला सारणेही कठीण होते. शेवटी मऊ, पुदिन्याचा झणझणीतपणा नसलेली टूथपेस्ट वापरायची आणि तिखट बंद ठेवायचे, एवढ्यावर दोन आठवडे काढू, असे ठरले. बाईंनी ते मान्य केले, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दुसरा पर्याय त्यांच्या मुलाने मांडला. त्याने वाचले होते की चांदी म्हणजे विषच असते, तेव्हा आईच्या तोंडातली सगळी चांदी एकाच दिवशी काढून टाकावी. त्याची काळजी खरी होती, म्हणून त्याला वेळ देऊन समजावले. चांदीतून पाऱ्याची वाफ अल्प प्रमाणात सुटते हे खरे आहे, आणि भरण खोदून काढताना ती नेहमीपेक्षा जास्त सुटते हेही खरे आहे. म्हणून विनाकारण सगळी भरणे उकरणे म्हणजे जो धोका टाळायचा तोच ओढवून घेणे. आईला झालेला त्रास विषबाधेचा नव्हता, एका ठिकाणच्या अॅलर्जीसारखा होता. उजवीकडे तशीच दोन भरणे असून गाल स्वच्छ होता. जगभर चांदी मागे पडते आहे हेही मी त्याच्यापासून लपवले नाही. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदीचा सर्वसाधारण वापर थांबवला. पण त्यामागे पाऱ्याने होणारे पर्यावरणाचे प्रदूषण हे मोठे कारण आहे. तोंडात असलेले प्रत्येक भरण काढून टाका, असा त्याचा अर्थ नाही.

तिसरा पर्याय होता गोळी बदलण्याचा. बाईंच्या फिजिशियनशी फोनवर बोललो. गोळी बदलणे शक्य होते, पण रक्तदाब नुकताच स्थिरावला होता. आम्ही दोघांनी ठरवले की गोळी आहे तशी ठेवायची. गोळी आणि भरण एकाच महिन्यात बदलले असते आणि जाळी गेली असती, तर श्रेय कोणाला द्यायचे ते कधीच कळले नसते, आणि पुढे आयुष्यभर बाईंना दोन्ही टाळत बसावे लागले असते. एका वेळी एकच बदल करायचा, हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता असे मला वाटते, आणि तो माझ्या एकट्याचा नव्हता.

चौथा पर्याय, भरण फक्त घासून गुळगुळीत करण्याचा, हाही विचारात होता. खडबडीत भरणावर कीटण साचून गाल चुरचुरतो, अशी काही प्रकरणे केवळ पॉलिशने शमतात. पण इथे काळवंडलेल्या कडेशी नवी किडही दिसत होती, त्यामुळे भरण कधीतरी बदलावे लागणारच होते.

पहिला टप्पा : तुकडा आणि पॅच टेस्ट

कोणत्याही भरणाला हात लावण्याआधी बायोप्सी हवी, याबाबत माझ्या मनात शंका नव्हती. बाईंच्या मनात मात्र होती. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की केवळ तिच्यामुळे लोक उशिरा येतात. मी त्यांना म्हटले, “ताई, तपासणीसाठी तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. काय आहे ते न कळता उपचार करत राहिलो, तर मात्र नुकसान होईल.” दोन दिवसांनी त्या बहिणीला बरोबर घेऊन आल्या आणि तयार झाल्या. पांढऱ्या रेघा आणि लाल भाग यांच्या सीमेवरून सुमारे ५ मिलिमीटरचा तुकडा घेऊन तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या दंत महाविद्यालयात पाठवला.

अहवाल दिलासा देणारा होता : त्वचेच्या खाली लिंफोसाइट पेशींचा पट्टा, खालच्या थरातील पेशींची झीज, कर्करोगपूर्व बदल नाहीत. त्याचबरोबर त्यात स्पष्ट लिहिले होते की हे चित्र लायकेन प्लॅनसचे आहे की स्पर्शजन्य प्रतिक्रियेचे, हे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येणार नाही. हे वाक्य मी त्या दिवशी अधिक लक्षपूर्वक वाचायला हवे होते. त्याचा अर्थ असा होता की निवाडा गालाकडे पाहूनच करायचा आहे.

मी मात्र पॅच टेस्टकडे वळलो. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर धातूंचे नमुने चिकटवले, ४८ तासांनी पट्ट्या काढल्या आणि ९६ तासांनी पुन्हा वाचन केले. निकेलच्या जागी लाल, फोडांसह ठळक प्रतिक्रिया उठली होती. पाऱ्याच्या जागी फक्त पुसट लाली होती आणि तिच्यावर ‘संदिग्ध’ असा शेरा होता. त्वचारोगतज्ज्ञांनी बाईंना विचारले, “खोटे कानातले घातले की कान चिघळतात का?” बाई म्हणाल्या, “लग्नात घातले होते, तेव्हापासून सोन्याशिवाय काही घालत नाही.” घड्याळाच्या पट्ट्याच्या बक्कलखालीही खाज येत असे. कॅप बसवताना सहा वर्षांपूर्वी हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूत निकेल हा मुख्य घटक असतो, हे मला माहीत होते. समोरच्या व्यक्तीला तो चालतो का, हे मी पाहिले नव्हते.

दुसरा टप्पा : चुकलेला क्रम

पॅच टेस्टच्या निकालाने मी प्रभावित झालो. निकेलचा पुरावा लखलखीत होता आणि कॅप माझी होती, त्यामुळे मनात अपराधी भावनाही होती. मी आधी कॅप कापून काढली आणि तात्पुरती अॅक्रिलिकची कॅप बसवली.

सहा आठवड्यांनी पाहिले. दाढेच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूची हिरडी बरीच शांत झाली होती. मागच्या बाजूची लाली मात्र तशीच होती, आणि गालावरची जाळी रेघभरही हलली नव्हती. बाई अजून मऊ भातावर होत्या.

इथे मला थांबून विचार करावा लागला. पाठीच्या त्वचेने निकेल नाकारले, याचा अर्थ गालावरची जाळी निकेलमुळे आली असा होत नाही. पॅच टेस्टने ‘या व्यक्तीला कशाची अॅलर्जी आहे’ याचे उत्तर दिले होते. ‘या जागेवरचा चट्टा कशाने आला’ हा वेगळा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पहिल्या दिवशीच गालाने दिले होते : जाळी कॅपसमोर नव्हती, चांदीसमोर होती. पाऱ्याची पॅच टेस्ट संदिग्ध किंवा नकारार्थी आली तरी स्पर्शजन्य प्रतिक्रिया नाकारता येत नाही, हेही माहीत असूनही मी त्या शेऱ्याला जास्त वजन दिले होते. यात बाईंचे सहा आठवडे आणि तात्पुरत्या कॅपचा खर्च गेला. तो खर्च मी घेतला नाही, पण सहा आठवडे परत देता आले नाहीत.

तिसरा टप्पा : चांदी काढली

चांदी काढताना रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावला, म्हणजे भुगा गालावर किंवा घशात जाऊ नये. पाण्याचा फवारा आणि जोरकस सक्शन चालू ठेवून भरण भुकटी न करता शक्य तितक्या मोठ्या तुकड्यांत उचलले आणि ते तुकडे वेगळ्या हवाबंद डब्यात ठेवले. पाऱ्याचा हा कचरा जाळण्याच्या कचऱ्यात जाता कामा नये. पोकळीत लगेच कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिनचे भरण, न भरता आधी ग्लास आयोनोमर, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘सिमेंट’, भरले. कॉम्पोझिटमधल्या रेझिननेही क्वचित अशीच प्रतिक्रिया येते, त्यामुळे जाळी जाते का हे पाहण्याच्या काळात तिच्यासमोर नवा संशयित आणून ठेवायचा नव्हता. उजवीकडच्या भरणांना हात लावला नाही. गोळीही तीच राहिली.

चार आठवड्यांनी लाल भाग भरून आला होता आणि बाईंनी भाकरी-भाजी खाल्ल्याचे आनंदाने सांगितले. तीन महिन्यांनी जाळीच्या जागी दोन-तीन फिकट रेघा उरल्या होत्या.

कॅपच्या दाढेमागची लाली का गेली नाही, याचे उत्तर एक्स-रे आणि भूल देऊन घेतलेल्या मोजमापात मिळाले. जुन्या कॅपची कड मागच्या बाजूला हाडापासून जेमतेम १ मिलिमीटरवर होती. हाड आणि दाताची उघडी बाजू यांच्यामध्ये हिरडीला चिकटून बसायला जागा लागते. गार्जिउलो आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली केलेल्या मोजमापांत ती सरासरी २ मिलिमीटरच्या आसपास आली होती. त्या जागेत कॅप घुसवली की ती सोन्याची असो, निकेलची असो वा झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची, हिरडी सुजतच राहते. म्हणजे एकाच कॅपभोवतीच्या एकाच लाल पट्ट्यात दोन कारणे दडलेली होती : बाजूंना बहुधा निकेल, मागे माझी खोल गेलेली कड. पहिले कारण कॅप काढल्यावर सरले; दुसरे दाताच्या तयारीतच कोरले गेले होते, म्हणून तात्पुरत्या कॅपखालीही राहिले.

मागच्या बाजूला छोटी शस्त्रक्रिया करून हिरडी आणि थोडे हाड खाली घेतले, आठ आठवडे जखम स्थिरावू दिली आणि मग कड वर ठेवून झिर्कोनियाची कॅप बसवली. पहिल्या दाढेत कॉम्पोझिट त्यानंतर, रेझिनची पॅच टेस्ट नकारार्थी आल्यावर भरले.

परिणाम

वर्षभरानंतर गालावर एक पुसट पांढरी रेघ आहे, आग नाही. दोन्ही दाढांभोवतीची हिरडी गुलाबी आहे. एनालाप्रिल चालूच असताना जाळी गेली, त्यामुळे गोळीवरचा संशय आपोआप दूर झाला, आणि उजवीकडची चांदी तिथेच असून उजवा गाल स्वच्छ आहे. उरलेल्या रेघेसाठी दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवली आहे. लायकेनसदृश चट्ट्यांत कर्करोगाची शक्यता अल्प असते, पण शून्य नसते, आणि मिश्रीचा इतिहास विसरून चालणार नाही.

काय वेगळे करता आले असते

चट्ट्याची जागा आणि भरणाची जागा जुळत असताना मी पहिल्यांदा तेच भरण बदलायला हवे होते. पॅच टेस्ट पुढच्या धातूची निवड करण्यासाठी उपयोगी होती, आरोपी ठरवण्यासाठी नव्हे. पहिल्या भेटीत मी एकच छायाचित्र घेतले होते आणि तेही वेगळ्या प्रकाशात, त्यामुळे सहा आठवड्यांनंतरची तुलना बरीचशी आठवणीवर करावी लागली. आता असा चट्टा दिसला की त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढतो. कॅप बसवल्यानंतर मागच्या कडेचा एक्स-रे त्याच दिवशी काढला असता, तर खोल गेलेली कड सहा वर्षे हिरडीत रुतून राहिली नसती.

बाईंना गुडघ्याचा त्रास सुरू झाला आहे आणि पुढेमागे सांधा बदलण्याची वेळ येऊ शकते. कृत्रिम सांध्यांच्या काही धातूंत थोडे निकेल असते, म्हणून निकेलच्या अॅलर्जीची नोंद मी त्यांना वेगळ्या कार्डावर लिहून दिली आहे, आणि ते कार्ड त्या रक्तदाबाच्या चिठ्ठीबरोबर पिशवीत ठेवतात. दवाखान्यातल्या केसपेपरवर औषधे आणि तंबाखू यांच्या रकान्यांखाली आता आणखी एक ओळ आहे : ‘खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या बक्कलने खाज येते का?’